बाथरूमच्या बोडक्या आरशाला घरच्या घरी चौकट : कोणी केली आहे का?

रातांबा
नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बेसिनच्या वर बिल्डरने एक बोडका आरसा लावून दिला आहे. २४ बाय ३६ इंच, चार प्लास्टिकच्या क्लिपा, मागे टाइल्स. खालच्या कडेला हल्ली काळे डाग पडायला लागलेत. चवथीला सासरची सगळी मंडळी येणार, त्याआधी लाकडी चौकट करून ते डाग झाकावेत असा बेत आहे. घरात करवत, ड्रिल आणि थोडीफार हौस आहे. नवरा म्हणतो फोटोफ्रेमवाल्याकडे दे. मला स्वतः करायचंय.

विचारायचं हे, की आरसा भिंतीवरच ठेवून वरून चौकट चिकटवू, की काढून करू? लाकूड कोणतं घेऊ? आणि आपल्याकडच्या पावसात ते टिकेल का?

उगाच
नवऱ्यालाच चौकटीत बसवा, डाग दिसणार नाहीत. (कृ.ह.घ्या.)

पातोळी
वाचतेय. आमच्याकडेही अगदी असाच बोडका आरसा आहे, डागांसकट.

सुतारपक्षी
रातांबाताई, करा बिनधास्त. पहिल्या कामासाठी याच्याइतकं सोपं काम नाही, फक्त चार कोपरे नीट जुळले पाहिजेत.

माप असं काढा. दोन इंच रुंदीची पट्टी घ्या. त्यातली अर्धा इंच काचेवर येईल, दीड इंच बाहेर राहील. म्हणजे चौकटीचं बाहेरचं माप २७ बाय ३९. चारही बाजूंची बेरीज १३२ इंच, म्हणजे ११ फूट. ४५ अंशांत कापताना थोडं वाया जातं, म्हणून आठ-आठ फुटांच्या दोन पट्ट्या आणा. एकीतून उभ्या दोन, दुसरीतून आडव्या दोन. उरलेल्या तुकड्यांवर आधी करवतीचा सराव करा.

कोपऱ्यांसाठी माइटर बॉक्स (करवत ४५ अंशांत धरणारा खाचांचा साचा) घ्याच, हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचा स्वस्तात मिळतो. डोळ्यांच्या अंदाजावर ४५ अंश कोणालाच जमत नाहीत, जमतात म्हणणाऱ्यांची चौकट जवळून बघा. जोडताना गुण्या लावा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात, नाहीतर पतंग.

डिचोलीकर
लाकूड??? बाथरूममध्ये? गोव्यात? वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो इथे ताई, जुलैत चपलांवरसुद्धा बुरशी येते. सरळ पीव्हीसी फोमची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली) पट्टी घ्या. वाळवी नाही, फुगणं नाही, साध्या करवतीने कापते. लाकूड बघायचं असेल तर देवळाचे खांब बघावेत.

सुतारपक्षी
डिचोलीकर, देवळाचे ते खांब तुमच्याच पावसात उभे आहेत की!

लाकूड ओलं झाल्याने मरत नाही, ओलं *राहिल्याने* मरतं. बाथरूमला खिडकी असेल आणि चौकट शिंतोड्यांच्या पट्ट्यात नसेल तर साग, फणस, शिवण काहीही चालेल. शिवण हलकी, कमी वाकते आणि रंध्याखाली छान चालते. जुन्या दाराचा साग मिळाला तर सोनंच, त्याचं आकसणं-फुगणं बऱ्यापैकी होऊन गेलेलं असतं. फक्त एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) नको. फ्रेमच्या दुकानात सुंदर छापील मोल्डिंग दाखवतात, त्यातलं बरंचसं एमडीएफ असतं. कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की ते फुगतं आणि परत कधीच बसत नाही. प्लायच वापरायचं असेल तर मरीन घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो.

केपेकर
एमडीएफला अनुमोदन. म्हणजे विरोधाला अनुमोदन. भाड्याच्या घरात आरशाला मालकाने तशी चौकट लावली होती, दुसऱ्या पावसाळ्यात खालचा कोपरा पापडासारखा उलगडला.

भिंगरी
आमचं मडगावात काचेचं दुकान आहे, म्हणून थोडं वेगळं सांगते. सगळे चौकटीबद्दल बोलतायत, काळ्या डागांबद्दल कोणीच विचारलं नाही.

आरशात काचेच्या मागे चांदीचा अगदी पातळ थर, बहुतेक आरशांत त्यावर तांबं आणि त्यावर रंग असतो. मागच्या बाजूला रंगाचं संरक्षण असतं, पण कापलेली कड उघडीच. पाणी तिथून शिरतं आणि चांदी काळी पडत आत सरकते. खालची कड आधी जाते कारण ओघळ तिथे येऊन थांबतो, आणि आरसा टाइल्सना अगदी चिकटून असेल तर ते पाणी मागे वरही चढतं. आता यावर चौकट चिकटवली तर डाग झाकले जातील हे खरं, पण पाणी चौकटीच्या आत कोंडलं जाईल. मग आज अर्ध्या इंचात मावणारा डाग पुढच्या पावसाळ्यात पट्टीच्या बाहेर डोकावेल.

तीन गोष्टी सांगा रातांबा. टाइल्स कशाने धुता? आरसा पुसायला काय वापरता? आणि आरशाच्या खाली सिलिकॉन भरलंय का?

रातांबा
भिंगरीताई, टाइल्स धुवायला कामवाल्या मावशी ॲसिड वापरतात. बोअरच्या पाण्याचे पिवळे डाग दुसऱ्या कशाने जातच नाहीत. आरशावर निळा स्प्रे मारून कागदाने पुसते. आणि हो, खालच्या कडेला पांढरं सिलिकॉन आहे, मागच्या वर्षी प्लंबरने भरलं होतं, पाणी मागे जातं म्हणून. तेव्हा दोन दिवस बाथरूमला लोणच्यासारखा आंबट वास येत होता.

भिंगरी
सापडलं सगळं. एकात तीन.

ॲसिडची नुसती वाफसुद्धा चांदीला पुरते, शिंतोडा उडायची गरज नाही. बेसिनखाली बाटली उघडून ओतली की वर आरसाच असतो. स्प्रे थेट आरशावर मारला की ओघळून खालच्या कडेला जातो, आणि त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो. फडक्यावर मारून पुसा. आणि तो आंबट वास म्हणजे सिलिकॉन वाळताना सुटणारं ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगर म्हणतो तेच. टाइल्सला, सिंकला ते सिलिकॉन उत्तम. आरशाच्या मागे नाही चालत. आरशासाठी नळीवर "न्यूट्रल क्युअर" लिहिलेलं मागा, त्याला तसा वास येत नाही.

झिंगा
सीआयडी, मडगाव शाखा.

पातोळी
भिंगरी, मी आत्ता उठून आमच्या ॲसिडच्या बाटलीची जागा बदलून आले.

बागायतदार
सत्तरी तालुक्यातून नमस्कार. लाकडावरून आठवलं. आमच्याकडे वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची रीत होती. वाळवी जवळ फिरकत नाही, पाणी धरत नाही. बाजारातल्या डब्यांपेक्षा हे बरं. चौकटीला मागच्या बाजूने दोन हात मारा.

सुतारपक्षी
बागायतदारकाका, तेल खरंच जबरदस्त आहे, पण ताईंना आधी सांगा की कच्चं तेल हाताला लागलं तर फोड येतात. शिवाय काळपट पडतं आणि दमट हवेत लवकर सुकत नाही. गोठ्याच्या वाशाला ठीक, पण रोज तोंड धुताना हात लागतो त्या जागी नको.

बागायतदार
बरोबर आहे बाबा. फोडांचं लिहायचं राहिलं. आम्ही काजू भाजताना हात राखेत घोळवतो, सवय झाली म्हणून ध्यानात येत नाही.

मांडवी_किनारी
वास्तूनुसार आरसा उत्तर किंवा पूर्व भिंतीवर हवा. चौकट करण्याआधी दिशा बघून घ्या, नंतर हलवणं जड जातं.

झिंगा
आमच्या न्हाणीच्या उत्तरेला खिडकी आहे आणि खिडकीबाहेर शेजाऱ्याचा फणस. फणसात बघून दाढी करू का?

मांडवी_किनारी
श्रद्धेची चेष्टा करू नये.

उगाच
नळ जिकडे, बेसिन तिकडे. बेसिन जिकडे, आरसा तिकडे. ही प्लंबरची वास्तू.

चिरेबंदी
वास्तू बाजूला ठेवूया, आम्हा जुन्या घरवाल्यांचं वेगळंच दुखणं आहे. साळगावला आमचं जांभ्या चिऱ्याचं घर. भिंतीत ड्रिल घातलं की लाल भुकटी बदाबदा पडते, भोक मोठं होतं आणि प्लॅस्टिकची गिट्टी गोल फिरत बसते. आरसा काढून परत लावायचा झाला तर अशा भिंतीवर वजन कसं धरणार? आरसा तसा जडच की.

भिंगरी
वजनाचा हिशोब सोपा आहे. काच १ मिमी जाडीची आणि १ चौरस मीटर असली तर अडीच किलो. २४ बाय ३६ म्हणजे सहा चौरस फूट, ०.५६ चौरस मीटरच्या आसपास. ४ मिमी काच असेल तर साडेपाच किलोच्या थोडं वर, ५ मिमी असेल तर सात किलो. वर लाकडी चौकट. खालच्या दोन क्लिपांच्या भरवशावर वरून चौकट चिकटवायला मी म्हणूनच नको म्हणते. सगळा भार त्या प्लास्टिकवर येतो.

केपेकर
चिरेबंदी, चिऱ्यात गिट्टी एकटी धरत नाही. भोक ब्रशने साफ करायचं, पाणी शिंपडायचं, घट्ट कालवलेलं सिमेंट भरून त्यात गिट्टी दाबायची आणि निदान दोन दिवस हात लावायचा नाही. स्क्रू लांब घ्या, गिलाव्याच्या पार आत चिऱ्यात गेला पाहिजे. आमच्या मेस्ताने (मिस्त्रीने) असंच केलं, त्यावर आता वजनदार कपाट लटकतंय. ड्रिलवर हॅमर मोड मात्र बंद ठेवा, नाहीतर भोकाचा खड्डा होतो.

डिचोलीकर
मी अजून पीव्हीसीवर ठाम आहे. कोणी ऐकत नाही ते सोडा.

पातोळी
मी ऐकतेय. पण पीव्हीसीच्या पट्टीचा तो चकचकीत पांढरा रंग हॉस्पिटलसारखा वाटतो. रंगवता येते का?

डिचोलीकर
येते. बारीक पॉलिश पेपरने चकाकी मारायची, प्लास्टिकवर बसणारा प्रायमर, मग कोणताही इनॅमल. एक लक्षात ठेवा, लाकडाचा पांढरा फेविकॉल काचेवर आणि पीव्हीसीवर धरत नाही. त्याला पाणी शोषून घेणारं काहीतरी लागतं. तिथे भिंगरीताईंचं न्यूट्रल सिलिकॉन किंवा आरशाची डबल टेप.

अनुस्वार
अवांतर, पण आरशाच्या चांदीवरून आठवलं. काचेवर चांदीचा थर रासायनिक पद्धतीने बसवायची युक्ती युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये काढली. त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत पोर्तुगीज काळातले मोठे आरसे आहेत, त्यातले काही तसे असू शकतात. राखाडी झाक आणि बारीक ठिपके दिसले तर मागचा थर खरवडू नका, त्यात पारा असतो.

चिरेबंदी
अरे देवा. आमच्या साल्यात (दिवाणखान्यात) आजोबांच्या वेळचा एक आहे, राखाडीच आहे. काल मागची फळी काढून बघणार होतो.

अनुस्वार
बघू नका. बघायचाच असेल तर पुढून, केस विंचरताना.

मांडवी_किनारी
तो दिवाणखान्यात कोणत्या भिंतीवर आहे?

झिंगा
🙏

सुतारपक्षी
मूळ विषयावर येऊ. एक गोष्ट कोणीच सांगत नाही आणि चौकट लागल्यावरच कळते.

आरशात चांदी काचेच्या *मागे* असते. तुमची पट्टी काचेच्या *पुढे* बसते. मधल्या काचेच्या जाडीमुळे पट्टीची आतली मागची बाजू आरशात दिसते. पुढून चौकट सुंदर गडद सागवानी, आणि कडेने बघावं तर आत कच्च्या लाकडाची पांढरी रेघ, चारही बाजूंनी. वर पेन्सिलीची खूण किंवा फेविकॉलचा ओघळ असेल तर तोही दिसतो. म्हणून चिकटवायच्या आधी पट्टीच्या मागच्या बाजूला आतल्या कडेपासून निदान पाऊण इंच तोच रंग किंवा पॉलिश द्या. सिलिकॉनचा थेंबही कडेपर्यंत येऊ देऊ नका, बाहेरच्या अंगाला लावा. काळ्या किंवा गडद रंगात हे सगळं लपतं, पांढऱ्यात सगळं दिसतं.

दुसरं, खालची पट्टी. तिला काचेला सील करू नका. मध्ये दोन-तीन ठिकाणी सिलिकॉनचे टिपके पुरे, बाकी फट मोकळी. पाणी आलं तर निघून गेलं पाहिजे.

भिंगरी
सुतारपक्षींच्या दोन्ही मुद्द्यांना +१. आमच्या दुकानात लोक चौकट घेऊन परत येतात ते त्या पांढऱ्या रेघेपायी.

रातांबा, माझं ऐकाल तर आरसा काढून जवळच्या काचवाल्याकडे न्या. डाग खालच्या एका इंचात असतील तर तेवढी पट्टी कापून टाकतील, कड घासून देतील. साधा आरसा कापता येतो, टफन्ड (तापवून कडक केलेला) असेल तर नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. कापल्यावर नवी कड पुन्हा उघडी पडते, तिला आरशाचा एज सीलर किंवा रंगाचा हात द्यायला सांगा. आणि परत लावताना मागे चार रबरी गोट्या, म्हणजे भिंत आणि आरशात थोडी हवा खेळेल.

पातोळी
चौकटीच्या मागे एलईडी पट्टी लावली तर? ती हॉटेलात असते तशी.

केपेकर
१२ व्होल्टची घ्या, ॲडाप्टर बाथरूमच्या बाहेर ठेवा आणि बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. एवढं करायचं नसेल तर ट्यूबलाइटच बरी.

मांडवी_किनारी
लाकूड नको, पीव्हीसी नको असं असेल तर टाइल्सची चौकट करा. पणजीत आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या हाताने रंगवलेल्या टाइल्स मिळतात, निळ्या-पांढऱ्या. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या भिंती बघा, डोळे निवतात. आरशाभोवती चार इंची टाइल्सची एक ओळ. ना वाळवी, ना बुरशी.

डिचोलीकर
पहिल्यांदाच मांडवीशी सहमत.

रातांबा
सगळ्यांचे आभार, वाचूनच थकले. आझुलेज फार आवडलं, पण भाव विचारल्यावर चवथीचं बजेट डोळ्यांपुढे आलं. आरसा उद्या काढतेय. माहेरी एका जुन्या सागवानी दाराची फळी पडून आहे, ती सॉ-मिलमध्ये चिरून दोन इंची पट्ट्या करून घेते. चवथीपर्यंत पॉलिश होईल ना?

सुतारपक्षी
प्रामाणिकपणे सांगतो, नका करू. भर पावसात पॉलिश वाळत नाही, आणि हवेतली ओल धरून पांढुरकं पडतं. मग परत घासा. चवथीला आरसा नुसता कापून लावा, चौकट नवरात्रानंतर करा. पट्ट्या तोवर घरात, पंख्याखाली, मध्ये काड्या घालून एकावर एक रचून ठेवा. उन्हात ठेवल्या तर वाकतील.

उगाच
सासरच्यांना सांगा, चौकट पुढच्या वर्षी बघायला या.

पातोळी
उगाच, तुमचा आयडी सार्थ आहे.

---

रातांबा
धागा वर काढतेय. दसरा झाला, पाऊस थांबला, आता प्रगती सांगते.

आरसा काचवाल्याने खालून एक इंच कापून २४ बाय ३५ केला, कड घासून दिली, वर सीलर. चवथीला तसाच लावला होता आणि खरं सांगायचं तर कोणाचं लक्षही गेलं नाही, सगळे माटोळीखाली (गणपतीवर फळं-फुलं टांगतात ती). मावशींना ॲसिडऐवजी लिंबूसत्व दिलंय, पाण्यात विरघळवून डागावर थोडा वेळ ठेवायचं. त्या नाराज आहेत, पण टाइल्स निघतात.

चौकट परवा जोडली. २७ बाय ३८. दोन्ही कर्ण ४६ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)! मागच्या बाजूला आधी पॉलिश दिलं, सुतारपक्षीदादा, कडेने बघितलं तरी रेघ नाही. वरची आणि बाजूच्या पट्ट्या नीट जुळल्या, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहिलीय. ती कशी बुजवू? बाहेरून पॉलिश अजून द्यायचंय.

सुतारपक्षी
कर्ण बरोबर आहेत, म्हणजे चौकट काटकोनात आहे, फट करवतीची आहे. त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्याचा बारीक भुसा पॉलिश पेपरने काढा, थोड्या मरीन फेविकॉलमध्ये कालवून फटीत दाबा. वर आलेला भाग लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण सुकलेल्या फेविकॉलवर पॉलिश चढत नाही, तिथे फिका डाग राहतो. एक रात्र जाऊ द्या. मग १८० नंबरचा पेपर, शेवटी ३२०, दोन्ही वेळा रेषेच्या दिशेने. सांध्यावर दोन पट्ट्यांच्या रेषा वेगळ्या दिशांना जातात, तेव्हा एका बाजूला मास्किंग टेप लावून दुसरी घासा.

डिचोलीकर
आणि पुढच्या जुलैत फोटो टाका. लाकडाचा.

रातांबा
टाकते. तुमच्या पीव्हीसीचाही टाका, शेजारी-शेजारी ठेवून बघू.

चिरेबंदी
लिंबूसत्वाचं प्रमाण किती घेता? बोअरचे डाग आमच्याकडेही आहेत.

रातांबा
अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, दहा-पंधरा मिनिटं ठेवून ब्रश. मार्बल असेल तिथे लावू नका, चकाकी जाते.